निवडतानाच निरोपाचं बोलून घ्या

(दादरला लघुउद्योजकांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय फळ्यावर लिहिलेलाच आहे. धंद्याची सगळी कॉम्प्युटर व्यवस्था बाहेरच्या कंपनीकडे सोपवायची, तर ती कंपनी निवडायची कशी? हल्ली त्यांना मॅनेज्ड सर्व्हिस प्रोव्हायडर म्हणतात. आपण वर्षानुवर्षं ‘एएमसीवाला’, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार असलेला, असं म्हणत आलो. एएमसीवाला बिघडल्यावर येतो. हे लोक बिघडू नये म्हणून दरमहा पैसे घेतात आणि सर्व्हर, ईमेल, बॅकअप, अपडेट सगळं लांबूनच सांभाळतात. आज मी तुम्हाला कंपनी तपासायचे प्रश्न सांगणार आहे, पण आधी दोन गोष्टी विचारतो.

मुंबईत कुणीकुणी जागा भाड्याने दिली आहे? हात वर करा. निम्म्याहून जास्त हात आहेत. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करताना आपण काय करतो? पंखे तीन, गीझर एक, ट्यूबलाइट पाच, किल्ल्यांचे जुडगे दोन, असं सगळं यादीत लिहितो. जागा सोडायची तर नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट कधी परत, तेही लिहितो. आता सांगा, आपल्या कंपनीचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा आणि ईमेलचा इंटरनेटवरचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे हे किती जणांना नक्की माहीत आहे? चार हात. मंडळी, ट्यूबलाइट मोजणारी आपण माणसं, आणि सगळ्या धंद्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात!

माझ्याही खिशात नव्हती. आमची परळला सर्जिकल मालाची वितरण फर्म आहे. वडिलांनी सुरू केली, आज चौदा माणसं काम करतात. कॅथेटर, टाक्यांचे धागे, ग्लोव्हज, सलाइनचे सेट असा माल. त्यात प्रत्येक खोक्याला बॅच नंबर आणि एक्स्पायरी. आमच्याकडे एक एएमसीवाले होते, नाव सांगत नाही, आज त्याची गरजही नाही. स्वभावाने चांगले, दिवाळीला मिठाई घेऊन यायचे. यूपीएसच्या डोक्यावर त्यांनी एक हार्ड डिस्क ठेवली होती, तिच्यावर हिरवी चिठ्ठी: ‘बॅकअप’. तिचा निळा दिवा लुकलुकत असायचा. अकाउंट्सच्या मॅडम रोज संध्याकाळी दिवाबत्ती करावी तशी त्या डिस्कवरची धूळ पुसायच्या.

एका महिन्याच्या १९ तारखेला सकाळी सर्व्हर सुरूच होईना. २० तारीख म्हणजे काय ते या खोलीत सांगायला नको, जीएसटीचं थ्री-बी, महिन्याचं विवरणपत्र भरायची शेवटची तारीख. फोन केला. दुपारी इंजिनिअर आला, म्हणाला, ‘सर, सर्व्हरची डिस्क गेली, पण बॅकअप आहे ना, काळजी नको.’ हिरव्या चिठ्ठीची डिस्क जोडली. आम्ही पाच जण त्याच्या खांद्यामागे उभे. स्क्रीनवर तारखा खालून वर सरकत गेल्या आणि एका जागी थांबल्या. शेवटचा बॅकअप चौदा महिन्यांपूर्वीचा. खोलीत कुणी बोललं नाही. मॅडम खुर्चीत बसल्या आणि त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला.

झालं काय होतं ते नीट ऐका, कारण हे तुमच्याकडे आज घडत असू शकतं. बॅकअपचं काम रोज रात्री एका लॉगिनखाली आपोआप चालायचं. ऑडिटरच्या सांगण्यावरून आम्ही त्या लॉगिनचा पासवर्ड बदलला. बॅकअपला जुनाच पासवर्ड ठाऊक. तो रोज रात्री दार ठोठवायचा आणि परत फिरायचा. ‘बॅकअप झाला नाही’ असा मेलही रोज जात होता. पण तो ज्या मुलाच्या पत्त्यावर जायचा, तो एएमसीवाल्यांची नोकरी सोडून कधीच गेला होता. दिवा लुकलुकत होता, कारण डिस्कला वीज मिळत होती. एवढाच त्याचा अर्थ.

पुढचे बावीस दिवस आम्ही धंदा केला नाही, डेटा भरला. विक्रीची बरीचशी बिलं जीएसटी पोर्टलवरून उतरवून घेता आली. पण पोर्टलला बॅच आणि एक्स्पायरी कुठून माहीत असणार? गोडाऊनमध्ये मोबाइलचा टॉर्च धरून खोक्यान् खोकं वाचलं. एक वाचणार, एक लिहिणार. एक्स्पायरी एका आकड्याने चुकली तर तो माल ऑपरेशन थिएटरमध्ये जातो हो! त्या बावीस दिवसांत मला झोप नव्हती ती पैशांपायी नव्हे.

आणि बॅकअप यूपीएसच्या डोक्यावर, म्हणजे सर्व्हरशेजारीच. आमचं दुकान हिंदमातापासून हाकेच्या अंतरावर. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी अंगावर घेतलंय. आमच्या भागात तर साध्या जोराच्या सरीतही गुडघाभर पाणी होतं. एकाच खोलीत मूळ आणि नक्कल ठेवणं म्हणजे दोघांना एकाच होडीत बसवणं. एक प्रत इमारतीबाहेर हवी, आणि तिथे साध्या लॉगिनने कुणाला ती पुसता येऊ नये. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, जोडलेली डिस्कही सोडत नाही.

त्यानंतर आम्ही कंपनी बदलायचं ठरवलं, आणि तेव्हा कळलं की डोमेन त्यांच्या नावावर, मेलचं अ‍ॅडमिन खातं त्यांचं, नेटवर्कची राखण करणाऱ्या फायरवॉलचा पासवर्ड त्यांच्या वहीत. मुद्दाम अडवलं असं मी म्हणत नाही. जुनी बाकी, मग हिशेब, मग ‘साहेब गावाला गेलेत’. सात आठवडे गेले. माझ्या वडिलांच्या नावाची फर्म, आणि तिचा ईमेल पत्ता मी परक्याकडून मागून घेत होतो. मला आजही त्याचा राग येतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: कंपनी निवडताना ती येईल कशी हे सगळे विचारतात, तुम्ही ती जाईल कशी हे आधी विचारा. बाकी सगळं त्यातून उलगडतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. ठरलेले प्रश्न भराभर सांगतो, लिहून घ्या.

डोमेन, मेल, क्लाउड, लायसन्स सगळं फर्मच्या नावावर, बिल फर्मच्या कार्डवर. त्यांना काम करण्यापुरतं वेगळं लॉगिन द्या, मुख्य अ‍ॅडमिनचा पासवर्ड पाकिटात घालून तिजोरीत. करार संपला की किती दिवसांत काय काय परत देणार, ते करारातच लिहा. जुन्या बाकीसाठी पासवर्ड अडवणार नाही, हे वाक्य माझ्या आग्रहाने आमच्या करारात आहे.

सही करण्याआधी त्यांच्याकडून एक फाइल परत आणून घ्या. बॅकअप घेतो म्हणणारे शंभर भेटतील. तुम्ही निवडलेली, तुम्ही सांगितलेल्या तारखेची फाइल तुमच्यासमोर उघडून दाखवतील ते थोडे. पुढे दर तीन महिन्यांनी तेच.

‘चार तासांत प्रतिसाद’ यावर भुलू नका. प्रतिसाद म्हणजे फोन उचलणं. काम पुन्हा सुरू किती वेळात, आणि किती तासांचा डेटा हातचा जाऊ शकतो, हे दोन आकडे मागा. ९९ टक्के चालू म्हणजे वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त बंद. ९९.९ म्हणजे पावणेनऊ तास. ते पावणेनऊ तास २० तारखेला आले तर?

त्यांचं स्वतःचं घर कसं आहे ते बघा. जुलै २०२४मध्ये एका तंत्रज्ञान पुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडकले. चोराला तीनशे दारं फोडावी लागली नाहीत. त्यांच्या प्रत्येक माणसाचं लॉगिन वेगळं आहे का, त्यावर ओटीपीसारखी दुसरी पायरी आहे का, नोकरी सोडलेल्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद होतं का, विचारा. आमचा सगळा घोळ त्या सोडून गेलेल्या मुलाच्या मेलपाशीच तर होता.

कायदा थोडक्यात. सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था. तिच्या एप्रिल २०२२च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि लॉग, म्हणजे सिस्टिमवर कधी काय झालं त्याच्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात. हे कोण करणार, ते नावानिशी ठरवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा. काम दुसऱ्याला दिलं तरी ग्राहकाच्या माहितीची जबाबदारी आपलीच, करारात काहीही लिहिलेलं असो. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत.

दराबद्दल बोलायला वेळच नाही. माणशी दर की मशीनमागे दर, रविवारची भेट त्यात धरली आहे का, एवढं तरी लेखी घ्या.

आत्ताच्या कंपनीची मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला बसायलाही सांगितलं नव्हतं, इतका मी दुखावलेला होतो. तिने किंमत सांगितली नाही. म्हणाली, ‘सर, आधी तुमच्या किल्ल्यांची यादी करू या.’ तीन तासांत दोन पानं भरली, आणि सातव्या ओळीवर मला कळलं की सीसीटीव्हीचा पासवर्डही आमच्याकडे नाही. ती यादी आणि आमच्या कराराची नावं खोडलेली प्रत मी आणली आहे. वीस झेरॉक्स आहेत, दारापाशी टेबलावर. हॉल साडेआठला रिकामा करायचाय, प्रश्न खाली चहापाशी विचारा, मी थांबलोय.