नियमगिरीची शाल

तर हे नियमगिरी. ओडिशात रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांच्या हद्दीवर पसरलेली डोंगररांग, आणि वर उतारांवर, झऱ्यांच्या कडेकडेनं ही जी छोटी छोटी गावं दिसतायत ना ती डोंगरिया कोंध लोकांची. यांच्यावरचा कुठलाही व्हिडिओ लावा, "जगापासून तुटलेली जमात" हे पहिल्या मिनिटात येणारच. आपण ते म्हणणार नाहीये.

का, ते या शालीवरूनच कळेल. हिचं नाव कपडागंडा. जाडसर, मळकट पांढरं सुती कापड आणि त्यावर लाल, पिवळ्या, हिरव्या दोऱ्यानं भरलेलं. जवळून बघा, किनारीला त्रिकोणांची रांग आहे, ते डोंगर. मधे सरळ रेघा, मग परत त्रिकोण. हे सगळं सुईनं, हातानं, शेतातली कामं उरकली की मग थोडं थोडं. लग्न न झालेल्या मुली ही शाल भरतात, ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी किंवा मग भावासाठी. म्हणजे पोरानं खांद्यावर कपडागंडा टाकली की गावाला काय कळायचं ते कळतं!

पण गंमत अशी की यातलं कापड डोंगरिया स्वतः विणतच नाहीत. ते येतं शेजारच्या डोंब समाजाच्या विणकरांकडून, आणि हे आजचं नाही, पिढ्यानपिढ्या चालू आहे. भरतकाम यांचं, विणकाम त्यांचं.

बायकांचा पोशाख दोन कापडांचा, एक कमरेला आणि एक वर. गळ्यात मण्यांच्या माळा आणि धातूची कडी, नाकात तीन नथण्या, कानाच्या पाळीवर वरपर्यंत बाळ्या. केसांना चोपून तेल, त्यात ओळीनं खोचलेल्या चकचकीत क्लिपा आणि त्यातच एक छोटा वाकडा चाकू, तो शोभेचा पण आणि कामाचा पण. पुरुषही काही कमी नटत नाहीत हं, लांब केसांचा अंबाडा, नाकाकानात दागिने आणि खांद्यावर टांगिया म्हणजे कुऱ्हाड.

दिवस जातो डोंगरावरच. उतारावर नाचणी, राळा, तूर असं एकत्रच पेरलेलं असतं, आणि बाकी अननस, केळी, हळद, आलं, फणस. सलपाच्या झाडावर चढून रस काढायचा हे पुरुषांचं काम, आपल्या कोकणातला भेरली माड तो हाच. रस सकाळी गोड लागतो, दुपारनंतर चढतो.

आणि बुधवार म्हणजे चाटिकोणाचा बाजार. डोक्यावर ओझी घेऊन बायका डोंगर उतरतात, अननस-हळद विकतात आणि जाताना मीठ, सुकी मासळी, तेल, मणी आणि हो, त्या क्लिपा घेऊन जातात. मघाशी पोशाखात जे "पारंपरिक" वाटलं असेल त्यातलं बरंच काही या बाजारातूनच वर गेलेलं असतं.

बाहेरच्या जगाशी यांचा सगळ्यात मोठा सामना झाला तो बॉक्साइटवरून, म्हणजे ज्यातून अॅल्युमिनियम काढतात त्या खनिजावरून. वेदांता कंपनीच्या रिफायनरीसाठी या डोंगरात खाण होणार होती. डोंगरियांसाठी इथे त्यांचा देव नियमराजा राहतो, त्यामुळे विरोध होताच, पण तो कागदावर यायला वर्षं गेली. 18 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ग्रामसभांना विचारा. मग 12 गावांत सभा झाल्या आणि बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं, एकानंही हो नाही.

जानेवारी 2024 मधे कपडागंडाला जीआय टॅग, म्हणजे ही वस्तू याच भागातली अशी अधिकृत ओळख, मिळाला. त्यामुळे ती आता विकायला पण भरली जाते, प्रदर्शनात पण दिसते. चांगलंच आहे, हातात पैसा येतो. फक्त विकायच्या शालीला गिऱ्हाईक घाई करतं, आणि भावासाठी भरायच्या शालीला कसली आलीय घाई.