चांदीची आगगाडी आणि माधवराव

(दृश्य: ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचा जयविलास महाल. जेवणाच्या लांबलचक टेबलावर बसवलेले रूळ.)

ही आगगाडी चांदीची आहे. डब्यांवर घराण्याचं नाव, एकेका डब्यावर एकेक इंग्रजी अक्षर. मेजवानीत मद्याच्या सुरया घेऊन ती पाहुण्यांपुढून फिरायची. कुणी सुरई उचलली की जागच्या जागी थांबायची, परत ठेवली की निघायची. याच महालातला मुलगा पुढे देशाचा रेल्वेमंत्री झाला.

माधवराव शिंदे. दिल्लीसाठी सिंधिया, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आम्हा मराठी घरांसाठी नुसते 'महाराज'. १९७१ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, जनसंघाच्या तिकिटावर ते गुना मतदारसंघातून लोकसभेत गेले. त्या निवडणुकीत राजमाता विजयाराजे भिंडमधून निवडून आल्या. मायलेक एकाच बाजूला होते.

मग आणीबाणी आली. आई तिहार तुरुंगात, मुलगा देशाबाहेर. १९७७ मध्ये ते अपक्ष म्हणून जिंकले आणि १९८० च्या निवडणुकीत थेट काँग्रेसचे उमेदवार झाले. ज्या इंदिराजींनी आईला तुरुंगात टाकलं, त्यांच्याच पक्षाचे. त्याच वर्षी राजमाता रायबरेलीत इंदिराजींविरुद्ध लढत होत्या. माधवरावांच्या कारकिर्दीत पुढे बरेच वाद झाले, पण माझ्या मते सगळ्यांत खोल जखम हीच. महाल दुभंगला आणि महालाशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या घरांनाही बाजू निवडावी लागली.

१९८४ मध्ये अर्ज भरण्याची मुदत संपता संपता काँग्रेसने त्यांना ग्वाल्हेरमधून उभं केलं. समोर अटलबिहारी वाजपेयी. वाजपेयींचा जन्म याच शहरातला, तोही 'शिंदे की छावणी' या मोहल्ल्यातला! राजमाता वाजपेयींच्याच पक्षात. निकाल लागला तेव्हा माधवराव सुमारे पावणेदोन लाख मतांनी पुढे होते.

रेल्वे खात्यात त्यांनी जीव ओतला. संगणकावरचं आरक्षण त्यांच्या काळात पसरलं. १९८८ मध्ये पहिली शताब्दी एक्सप्रेस दिल्लीहून झाशीला धावली, वाटेत आपलं ग्वाल्हेर.

(दृश्य: दाट धुकं, विमानाची धावपट्टी.)

नऊ जानेवारी १९९३. माधवराव तेव्हा नागरी विमान वाहतूक मंत्री होते. इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप चालू होता, म्हणून परदेशी विमानं भाड्याने घेतलेली. त्यातलं एक दिल्लीत धुक्यात उतरताना उलटलं आणि पेटलं. सगळे प्रवासी वाचले. तरीही माधवरावांनी राजीनामा दिला. त्या राजीनाम्याबद्दल मला आजही आदर वाटतो.

दुसरा राजीनामा वेगळा होता. जानेवारी १९९६, हवाला प्रकरण. बेकायदा मार्गाने फिरवलेला पैसा नेत्यांना वाटल्याचा आरोप. जैन बंधूंच्या डायऱ्यांत नेत्यांची आद्याक्षरं आणि त्यापुढे रकमा. सीबीआयने आरोप ठेवले, मंत्रिपद गेलं, पक्षाने तिकीटही नाकारलं. माधवरावांनी 'मध्य प्रदेश विकास काँग्रेस' काढली आणि ग्वाल्हेरने त्यांना मोठ्या फरकाने निवडून दिलं. पुढच्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने अडवाणींच्या खटल्यात सांगितलं, की नुसत्या डायरीतल्या नोंदी म्हणजे पुरावा नव्हे. खटले कोसळले, माधवरावही सुटले. आरोप टिकला नाही, हे खरं. पण तपास नीट झाला असं कोण म्हणेल? सर्वोच्च न्यायालयालाही तपास यंत्रणांचे कान उपटावे लागले होते. नेत्यांना पूर्ण स्वच्छ होण्याची संधी मिळाली नाही आणि लोकांना खरं काय ते कळलं नाही. मला ही गोष्ट आजही छळते.

(दृश्य: लष्कर भागातली छत्री, म्हणजे शिंदे घराण्याचं समाधिस्थळ. संध्याकाळ.)

जानेवारी २००१ मध्ये राजमाता गेल्या. मुलाने माझे अंत्यसंस्कार करू नयेत, असं त्यांनी १९८५ च्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. अग्नी मात्र माधवरावांनीच दिला, इथे, शिंद्यांच्या छत्रीच्या आवारात.

त्याच वर्षी तीस सप्टेंबरला माधवराव कानपूरच्या सभेला निघाले. मैनपुरी जिल्ह्यात भोगावजवळ त्यांचं छोटं विमान कोसळलं. आतले आठही जण गेले, त्यांत बातमीसाठी निघालेले पत्रकारही होते.

आईच्या चितेनंतर आठ महिन्यांनी, याच आवारात, माधवरावांची चिता रचली गेली.