लेकराला टिकणारं माणूस पाहिजे

नमस्कार मंडळी. आज बालगृहातल्या लेकरांबद्दल बोलायचं आहे. जेवणाकपड्यांचं नाही बोलत मी, त्याला आपलं नागपूर मागं नाही, तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा पोळा आला की लोकं लाकडी नंदी घेऊन, बोजारा म्हणजे लेकरांना द्यायची भेट घेऊन तिथं जातात, वाढदिवसाचा केकही तिथंच कापतात. पण संध्याकाळी सगळे निघून जातात न, तिथून पुढचं बोलायचं आहे.

तुम्ही पाहिलं असेल, तीन-चार वर्षांचं लेकरू अनोळखी पाहुण्याच्या मांडीवर पटकन जाऊन बसतं, आपल्याला वाटतं किती लाघवी आहे. खरं म्हणजे ज्याला हक्काचं असं एक माणूस मिळालंच नाही ते पुष्कळदा असं कोणालाही बिलगतं. रोमानियात, बुखारेस्टला, २००० साली संस्थांमधल्या १३६ लेकरांचा अभ्यास सुरू झाला, त्यातल्या अर्ध्यांना पालक कुटुंबात, म्हणजे लेकरू सांभाळायला तयार असलेल्या दुसऱ्या कुटुंबात ठेवलं, आणि जी दोन वर्षांची व्हायच्या आत घरात गेली त्यांना माणसांना जीव लावणं जास्त जमलं.

आपल्याकडं सांभाळणारी ताई नोकरी सोडून जाते, दुसरी येते, तीही जाते. मग कोणी अंथरूण ओलं करतं, कोणी उशीखाली पोळी लपवून ठेवतं, कोणी उगाच मारामाऱ्या करतं, आणि आपण म्हणतो पोट्टं बिघडलं! मुलामुलींची बालगृहं वेगळी, त्यामुळं सख्खे भाऊबहीणसुद्धा तुटतात. दिवाळीत ज्यांचे नातेवाईक आहेत ते गावाला जातात, बाकीचे गेटपाशी उभे राहून बघतात.

आणि बरं का, यातल्या कित्येकांची आई जिवंत असते, फक्त परवडत नाही म्हणून लेकरू इथं. अशा घरांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये मिळतात, तुमच्या ओळखीत कोणी असेल तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात घेऊन जा, लेकरू आईपाशीच राहू शकतं.

भेटायला जायचंच असेल तर ठरलेल्या वारी जा, दर महिन्याला जा, जमणार नसेल तर आधी कळवा, आणि कृपा करून फोटो टाकू नका.

अठरा झाले की बालगृह सुटतं. पुढं एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणगृहाची, म्हणजे अठरानंतर राहायच्या जागेची सोय कायद्यात आहे, पण सगळ्यांना ती मिळत नाही. असा पोरगा भाड्यानं खोली पाहायला गेला की घरमालक पहिले विचारतो, वडील काय करतात? तुमच्याकडं खोली रिकामी असेल आणि असा एखादा पोरगा आला, तर द्या त्याला. सणावारी ताटावर बोलवा, तापानं फणफणला तर डॉक्टरकडं न्या, आणि खोली सोडून गेला तरी अधूनमधून फोन करत जा.