काकूंच्या कुकरचं झाकण

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय घरातल्या वयस्कर माणसांच्या जेवणाबद्दल, पण सुरुवात करते कुकरच्या झाकणापासून.

ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत तळमजल्यावर एक काकू राहतात. वय 78. काका गेले, मुलगा पुण्याला. रोज सकाळी तलावपाळीला एक फेरी आणि येताना जांभळी नाक्यावरून भाजी, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. गेल्या पावसाळ्यात तो मोडला. मला वाटलं, चिखलपाण्याचं नको म्हणत असतील. पाऊस सरला, नवरात्र आलं, तरी काकू घरातच. दसऱ्याला सोनं द्यायला गेले, वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वादाला हात उचलला आणि मनगटावरची पाटली घसरत थेट कोपराशी गेली.

म्हटलं, "काकू, किती वाळलात!"

"बरंच झालं की गं. गुडघ्यांवरचा भार हलका झाला."

"जेवता काय?"

"मऊ भात, मेतकूट, तूप. रात्री चहा-खारी. पुरतं मला."

"आणि आमटी?"

काकू गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "कुकरचं झाकण लागत नाही गं."

मंडळी, पुन्हा सांगते. कुकरचं झाकण लागत नाही. हातात जोर नाही म्हणून झाकण लागेना, झाकण लागेना म्हणून डाळ शिजेना, आणि डाळ पोटात जाईना म्हणून हातात जोर येईना. चार महिने हे चाललं होतं. मुलगा रोज रात्री फोन करायचा, "आई, जेवलीस का?" त्या "जेवले" म्हणायच्या, आणि ते खरंच होतं. "काय जेवलीस?" हे विचारायचं राहून गेलं होतं. माझंही राहून गेलं होतं, मी तर दोन मजले वर राहते.

इथे एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. म्हाताऱ्या माणसांना भेटायला जाताना आपण बिस्किटांचे पुडे नेतो. नेऊ नका हो! काकूंच्या फडताळात सात पुडे निघाले. त्यापेक्षा दाण्याचे लाडू न्या, विरजलेलं घट्ट दही न्या, खात असतील तर अर्धा डझन अंडी न्या. आणि फूटपाथवर दुचाकी लावणाऱ्यांनो, तुमच्या गाडीला वळसा घालून रस्त्यावर उतरायची भीती वाटते, म्हणूनही कितीतरी आजी-आजोबांचं फिरणं बंद होतं.

तर, काकूंना जे झालं त्याला डॉक्टर 'फ्रेल्टी', म्हणजे उतारवयातला क्षीणपणा, म्हणतात. 2001 साली अमेरिकेत डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या पाच खुणा मांडल्या. न ठरवता वजन उतरणं, म्हणजे वर्षात साधारण साडेचार किलो, सारखा थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं, आणि एकूण हालचालच कमी होणं. पाचातल्या तीन दिसल्या तर माणूस त्यात सापडलं, एक-दोन दिसल्या तर त्या वाटेवर आहे. म्हणून पुन्हा सांगते, उतारवयात आपोआप वजन उतरलं तर "बरं झालं" म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा.

वय वाढलं की स्नायू हट्टी होतात. तरुणपणी जेवढ्या प्रथिनांवर भागायचं, तेवढ्यावर भागत नाही. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत, असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. म्हणजे 50 किलोच्या बाईला 50 ते 60 ग्रॅम. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, पेलाभर दुधात जवळपास तेवढीच, मूठभर कच्च्या डाळीत 7. दिवसभरात वाटून घ्या, सगळा भार दुपारच्या जेवणावर नको. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका. सोबत पालेभाजी आणि फळ हवं, आणि हात न टेकता खुर्चीतून उठायचा सराव हवा. नुसतं खाऊन स्नायू धरत नाहीत.

काकूंना आम्ही मुगाची डाळ भिजवून पातेल्यात शिजवायला लावली, तिला कुकर लागत नाही. तुरीच्या वरणाची आठवण येते म्हणाल्या, तेव्हा शेजारी राहणाऱ्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीने काम वाटून घेतलं. सकाळी निघताना ती काकूंच्या कुकरचं झाकण लावून जाते आणि दुपारी आली की त्यांच्याकडे वाटीभर वरण पिते.