पानेवाडीच्या गेटबाहेर

[पहाट. मनमाड-नांदगाव रस्ता. दिवे लावून उभी टँकरांची रांग.]

मनमाड सोडून नांदगावच्या दिशेने निघालात की थोड्याच वेळात रस्त्याकडेला मोठमोठ्या पांढऱ्या टाक्या दिसायला लागतात. हे पानेवाडी. गाव छोटं आहे, पण नाशिक, धुळे, जळगावपासून मराठवाड्यापर्यंत मोटारसायकलीत पडणारं पेट्रोल आणि ट्रॅक्टरमध्ये पडणारं डिझेल बऱ्याचदा याच टाक्यांतून गेलेलं असतं. सरकारी तेल कंपन्यांचे डेपो इथे आणि शेजारच्या नागापूर परिसरात आहेत.

तेल येतं मुंबईहून. माहूलच्या रिफायनरीतून निघालेली भारत पेट्रोलियमची पाइपलाइन घाट चढून सुमारे अडीचशे किलोमीटर जमिनीखालून इथवर येते, आणि पुढे मध्य प्रदेशातून दिल्लीकडे जाते. याच एका नळीतून पेट्रोल येतं, त्याच्या मागोमाग डिझेल येतं. दोन्हींच्या सीमेवर जे थोडं मिसळतं, ते बाजूला काढतात. वरती शेत नांगरलं जातं, कांदा लावला जातो. नळीच्या पट्ट्यात विहीर खोदायची नाही, घर बांधायचं नाही, झाड लावायचं नाही, एवढंच बंधन.

नळीची देखरेख चोख आहे, हे मोकळेपणाने म्हणायला हवं. दाब कुठे उतरला तर नियंत्रण कक्षात लगेच कळतं. तेल गेटबाहेर पडलं की मात्र त्याची जबाबदारी एका ड्रायव्हरच्या आणि एका कुलपाच्या हाती येते.

[टँकरवर चढलेला ड्रायव्हर. हातात पितळी डिपरॉड.]

हा टँकर आतून कप्प्याकप्प्यांचा असतो. ड्रायव्हर झाकण उघडतो, डिपरॉड सोडतो, वर काढून डोळ्यांजवळ धरतो. तेलाची ओली रेघ ठरलेल्या खुणेला लागली की मान हलवतो. मग सील, त्याचा नंबर चलानावर. आता जीपीएस असतं, इलेक्ट्रॉनिक कुलूप असतं. टँकर ठरलेला रस्ता सोडून वळला किंवा वाटेत जास्त वेळ थांबला, तर कंपनीला कळतं.

[तालुक्याचा पेट्रोल पंप. काचेच्या जारमध्ये तेल.]

पंपावर पोचल्यावर तीच तपासणी उलट्या बाजूने. आधी सील बघायचं, मग डिप. रॉडच्या टोकाला एक पेस्ट लावतात, तळाशी पाणी असेल तर तिचा रंग बदलतो. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे आणि इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे ही पेस्ट पूर्वीपेक्षा महत्त्वाची झाली आहे. त्यानंतर डेन्सिटी, म्हणजे घनता. जारमध्ये तेल घेतात, हायड्रोमीटर तरंगत सोडतात, तापमान बघतात आणि तक्त्यावरून 15 अंश सेल्सिअसला ती किती भरेल तो आकडा काढतात. चलानावरच्या आकड्याशी घनमीटरमागे 3 किलोहून जास्त फरक आला, तर माल उतरवून घ्यायचा नाही.

तुम्हीही पंपावर फिल्टर पेपर मागू शकता. पेट्रोलचा थेंब टाका, तो उडून गेल्यावर डाग राहायला नको. 5 लिटरचं माप मागू शकता, त्यात 25 मिलिलिटरपर्यंतची तूट-वाढ चालते. हा ग्राहकाचा हक्क आहे आणि तो मागणारा माणूस पंपावर क्वचितच दिसतो.

[मनमाड-नांदगाव रस्ता. दुपार. रिकामा पट्टा.]

हा सगळा काटेकोरपणा कशासाठी, ते या रस्त्याला ठाऊक आहे.

25 जानेवारी 2011. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे सरकारी गाडीतून इथून चालले होते. रस्त्याकडेला टँकरमधून तेल काढलं जात असल्याचं त्यांना दिसलं. ते थांबले, उतरले, विचारू लागले. त्यांच्यावर रॉकेल ओतून त्यांना पेटवण्यात आलं. भरदुपारी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी.

दोन दिवसांनी राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं. ठिकठिकाणी छापे पडले, तपास सीबीआयकडे गेला.

डिझेलमध्ये स्वस्त रॉकेल मिसळण्याच्या या भेसळीचं मूळ दरात होतं. तेव्हा रेशनचं निळं रॉकेल लिटरला बारा-तेरा रुपयांच्या घरात आणि डिझेल चाळिशीच्या आसपास. या फरकावर टोळ्या पोसल्या गेल्या. रॉकेल ओळखता यावं म्हणून सरकारने 2006 मध्ये मार्कर, म्हणजे खुणेचं रसायन, आणलं होतं. 2008 संपता संपता ते बंद झालं. पुढे रॉकेलचा दर हळूहळू वाढवत नेला, सबसिडी संपली, गॅस घरोघरी गेला आणि हा धंदा आटला. आता बायोडिझेलच्या नावाने भलतंच तेल विकणाऱ्यांवर छापे पडतात. पहारा उठवण्यासारखी वेळ अजून आलेली नाही.

[मोबाइलवरची चित्रफीत. पंपावर रात्रीची रांग. हातात रिकाम्या बाटल्या.]

आणि हे जानेवारी 2024. प्राणघातक अपघात करून, न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला 10 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद नव्या भारतीय न्याय संहितेत आली होती. त्याविरोधात ड्रायव्हरांनी स्टिअरिंग सोडलं. पानेवाडीचे टँकर जागेवर थांबले आणि दोन दिवसांत पंपांवर 'पेट्रोल नाही'च्या पाट्या लागल्या. टाक्या भरलेल्या होत्या, नळी चालू होती. प्रशासनाने मध्यस्थी केली, दिल्लीत 2 तारखेच्या रात्री आश्वासन मिळालं, ते कलम अंमलात आणण्याचं थांबवलं गेलं.

विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूरला देशाने खडकांच्या पोटात 53 लाख टन कच्चं तेल साठवण्याची सोय केली आहे. तालुक्याचा साठा म्हणाल तर पंपाखालची टाकी. ती भरणारा टँकर यायचा थांबला, तर रुग्णवाहिकेला डिझेल कुठून द्यायचं, याचं उत्तर जिल्हा पुरवठा कार्यालयाकडे आधीपासून कागदावर तयार हवं. कोणत्या पंपावर किती लिटर राखून ठेवायचं, टँकरसोबत पोलीस कुठून येणार, ड्रायव्हरांशी बोलायला कोण जाणार. तपासणीला निघालेल्या अधिकाऱ्यासोबतही बंदोबस्त हवा. सोनवणे साहेबांसोबत तो नव्हता.

[संध्याकाळ. पंप. टँकरचा पाइप जमिनीतल्या टाकीत सोडलेला.]

टँकर रिकामा होतोय. ड्रायव्हर पहाटेपासून जागा आहे. पंपावरचा मुलगा डेन्सिटीचा आकडा रजिस्टरमध्ये लिहितो, ड्रायव्हरची सही घेतो आणि नमुन्याची बाटली कपाटात ठेवतो. पाइप गुंडाळला जातो. टँकर वळतो, पुन्हा पानेवाडीकडे.