पडाव, पूल आणि लोकल

(दृश्य: ठाणे-कळवा पुलावरून जाणारी लोकल, खाली भरतीची खाडी)

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून १४ डबे आणि ४०० माणसं घेऊन पहिली गाडी ठाण्याला आली. एवढं आपण शाळेत घोकलंय. पण ती ठाण्यालाच का थांबली?

कारण पुढे पाणी होतं.

ठाणं साष्टी बेटाच्या काठावर. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास. राजमाचीच्या बाजूच्या डोंगरातून निघालेली उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते. तिथून पुढे ती नदी कमी आणि खाडीच जास्त. घोडबंदरला वळसा घालून ती वसईला समुद्राला मिळते.

रूळ नव्हते तेव्हा या खोऱ्याचा हमरस्ता हाच. साष्टी बेटावरच्या कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि दुर्गाडी किल्ल्याखालच्या या खाडीत आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात झाली.

(दृश्य: दुर्गाडी, काठावरच्या होड्या)

पडाव म्हणजे माल वाहणारी मोठी होडी. तिचं वेळापत्रक पंचांगात असायचं. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी. भरती लागली की पडाव कल्याणकडे वर चढायचे, ओहोटी लागली की माल भरून खाली उतरायचे. वारा असला तर शीड, पडला तर वल्ही, आणि पाणी उथळ झालं की लांब काठी तळाला टेकवून रेटायचं. चिखलात रुतला तर पुढच्या भरतीपर्यंत चूल पेटवून भात रांधायचा. दुसरा इलाज नाही.

ठाण्याच्या खाडीवर पूल बांधला आणि १ मे १८५४ ला गाडी कल्याणला पोचली. मुंब्र्याला पारसिकचा डोंगर जवळजवळ खाडीतच उतरतो. रूळ टाकणाऱ्यांनी मग डोंगर आणि पाणी यांच्यामधली चिंचोळी पट्टी धरली. डोंगर सरळ आरपार फोडणारा मोठा बोगदा १९१६ चा.

पुण्याला जाणारा माणूस रूळ येईपर्यंत मुंबईहून होडीने पनवेलला उतरायचा आणि तिथून बोरघाट गाठायचा. १८५६ मध्ये रूळ खोपोलीला लागले, १८६३ मध्ये घाटही चढले. पनवेल बंदरावरची पुण्याची वर्दळ ओसरली ती कायमचीच.

होड्या मात्र संपल्या नाहीत. माणसं गाडीत बसली, ओझं पाण्यावर राहिलं. मीठ, गवत, विटा आणि सगळ्यात जास्त रेती.

(दृश्य: रेतीची होडी. होडीला टेकवून पाण्यात सोडलेला लांब बांबू)

रेती काढणारा डुबी छातीभर श्वास भरतो, लोखंडी बादली घेतो आणि या बांबूला धरून खाली सरकतो. तळाशी काहीच दिसत नाही. हाताने चाचपडत बादली भरायची, वरच्याने ती दोरीने ओढायची. दिवसभर हेच. कानांची वाट लागते, कमाई बेताची. मुंबईच्या किती भिंतींत ही रेती आहे कोण जाणे! आणि याच उपशाने काठ ढासळले, पुलाच्या खांबांखालची माती हलली, हेही तितकंच खरं. मात्र बंदी आली की पहिला मार त्या डुबीच्या पोटाला बसतो, रेतीच्या धंद्यात गब्बर झालेल्यांना नाही.

२७ जुलै २०१९. उल्हासला पूर आला आणि बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी, त्यांत गरोदर बायाही. आदल्या रात्रीपासून डब्यांभोवती पाणी. शेवटी त्यांना बाहेर काढलं ते रबरी बोटींनी. लांब पल्ल्याच्या गाडीला बोटी लावून माणसं उतरवलेली उभ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिली.

(दृश्य: भाईंदर-नायगाव पूल)

आणि हे पाणजू. वसईच्या खाडीतलं बेट. १८६४ मध्ये पश्चिमेची गाडी गुजरातकडून ग्रँट रोडपर्यंत आली ती या बेटावरूनच. आज विरार लोकल इथून धडधडत जाते, बाहेरगावच्या गाड्याही जातात. स्टेशन नाही. पाणजूकरांना चर्चगेटला जायचं असेल तर होडीने नायगावला उतरायचं, तिथे लोकल पकडायची आणि त्याच लोकलने आपल्या गावावरून पुढे जायचं.