बकरी कोणाची?

(दृश्य : साक्री तालुक्यातलं अंगण. खुंट्याला बकरी, मागचा पाय अधांतरी.)

पाय मोडलाय. धाब्यावरून, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावरून पडली, असं घरचे सांगतात. पडून पाय मोडतोही. पण बरगड्यांवरून बोटं फिरवली, की दोन टणक गाठी हाताला लागतात. ही आधी मोडून जुळलेली हाडं आहेत. एकाच जनावराच्या अंगावर नवी-जुनी दुखापत दिसली आणि सांगितलेलं कारण तिच्याशी जुळलं नाही, की पशुवैद्यकानं तसं केसपेपरवर लिहावं. आणि त्या घरात बाई-पोरांनाही मार बसतो का, हेही विचारावं.

१९८३ साली अमेरिकेत न्यू जर्सीत ५३ कुटुंबं तपासली होती, मुलांचा छळ झालेली. त्यातल्या ६० टक्के घरांत प्राण्यांचेही हाल होत होते. पुढे १९९९मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये प्राण्यांना छळणारे १५३ जण आणि त्यांचे तितकेच शेजारी यांची गुन्ह्यांची नोंद पडताळली. छळणाऱ्यांच्या नावावर इतर गुन्हे बरेच जास्त निघाले. मात्र ‘आधी प्राणी, मग माणूस’ असा क्रम काही सापडला नाही. पोरानं कुत्र्याला दगड मारला म्हणून तो उद्याचा खुनी, हे बोलणं सोडलेलं बरं.

(दृश्य : आठवडी बाजार.)

अमेरिकेत प्रश्न कुत्र्या-मांजरांचा. खान्देशात बकरी म्हणजे बाईच्या हातातला पैसा : पोराची फी, दवाखाना. म्हणून मारणाऱ्या नवऱ्याची धमकीही तशीच येते : ‘बोलनी ते सकाय बाजारमा बकरी इकी टाकसू.’ (बोललीस तर उद्या बाजारात बकरी विकून टाकीन.)

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ येतो. तक्रार लिहिताना या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला बकरीचंही सांगावं : कोणी घेतली, कोणत्या पैशातून, माहेरून आली का. माहेरची असेल तर ते स्त्रीधन. कानात बिल्ला असेल, तर त्यावरचा बारा आकडी क्रमांक उतरवून घ्यावा. ती परस्पर विकू नये, असा आदेश न्यायालयाकडे मागता येतो. १९६०च्या प्राणी क्रूरता कायद्यावर एकट्यावर भिस्त नको. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, तेवढ्यात बकरीची पेंडही येत नाही.

(दृश्य : संध्याकाळ. करडं ओरडताहेत.)

मार खाणारी बाई घरातून निघते, आणि दोन दिवसांत परतते. लोक म्हणतात, नवऱ्याची माया. तिच्या डोक्यात असतं, दूध कोण काढेल, करडांना कोण सोडेल. बाईला हलवायच्या आधी बकरी बांधायला जागा बघावी : भावाकडे, नाहीतर बचत गटातल्या एखादीच्या दारी. सोबत दावं आणि चार दिवसांचा पाला.